शिबिर झालं, माणसं आली, पण दवाखान्यात गेले चारच : दिघ्यात काम सुरू करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. तुम्ही आठ-नऊ जण ऐरोलीला आयटी कंपन्यांत कामाला आहात, नवी मुंबईतल्या दिघ्याच्या डोंगराकडच्या वस्तीत एका रविवारी आरोग्य शिबिर घेतलंत, १४० माणसं आली, ३१ जणांचं बीपी जास्त निघालं, १२ जणांची शुगर वाढलेली. सगळ्यांना चिठ्ठी देऊन महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलंत. महिन्याने परत गेलात तर चिठ्ठी घेऊन प्रत्यक्ष गेलेले फक्त चार. आता ६०,००० रुपये जमलेत आणि तुम्ही विचारताय की दर महिन्याला शिबिर घ्यावं, छोटा मोफत दवाखाना काढावा की औषधं वाटावीत. आणि शेवटी लिहिलंय, "लोकांनाच स्वतःच्या तब्येतीची पर्वा नाही का?"

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, म्हणजे तुर्भे, रबाळे, दिघा आणि मधली चार वर्षं ठाण्यात वागळे इस्टेटकडे, अशी मिळून १९ वर्षं वस्तीत आरोग्याचं काम करतेय. डॉक्टर नाही, नर्स नाही, समाजकार्य शिकलेय आणि बाकीचं वस्तीतल्या बायकांनी शिकवलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळ्यांची उत्तरं त्याच्यातच आहेत.

पर्वा आहे हो. मजुरीसाठी नाक्यावर उभा राहणारा माणूस सकाळी साडेसात-आठला नाक्यावर नसेल तर त्याचा दिवस गेला, आणि सरकारी दवाखान्याची मुख्य ओपीडी पण सकाळचीच. चार घरची कामं करणाऱ्या ताईने एक खाडा केला तर दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागतात, दोन-तीन खाडे झाले की पगार कापतात. बरं, एका फेरीत काम होतं असंही नाही, आज केसपेपर, उद्या उपाशीपोटी रक्त, परवा रिपोर्ट, मग गोळ्या, त्या पण कधी पंधरा दिवसांच्याच. आणि बीपीचं दुखत तर काहीच नाही. ज्याचं काही दुखत नाहीये त्याने न दिसणाऱ्या आजारासाठी तीन दिवसांची मजुरी सोडावी, असं आपण त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तुमच्या-माझ्यासारख्याने पण "बघू पुढच्या आठवड्यात" म्हटलं असतं.

आता याच्या उलट बघा. त्याच वस्तीत रात्री साडेनऊपर्यंत उघडा असणारा एखादा "डॉक्टर" असतोच, डिग्री असते किंवा नसते, पण तो नावाने ओळखतो, उधारी लिहून घेतो आणि सुई टोचतो. अशक्तपणा आला की सलाईन लावतो, जिच्यात बहुतेक वेळा मीठ-पाणी नाहीतर साखर-पाणी असतं, आणि चारशे-पाचशे रुपये घेतो. त्याच्याकडे लोक पैसे देऊन जातात आणि फुकटच्या दवाखान्यात जात नाहीत, याचं मला पहिली दोन वर्षं फार वाईट वाटायचं. मग एका मावशींनी सांगितलं, "तो विचारतो गं, काय म्हणते तब्येत, मागचा खोकला गेला का." तिथून माझं काम बदललं. वस्तीत तपासणारे बरेच येऊन जातात. कमी आहे ते दुसऱ्या खेपेला सोबत जाणारं आणि तिसऱ्या खेपेला "गोळ्या संपल्या का" विचारणारं माणूस, आणि ते माणूस वस्तीतलंच लागतं. तुमचे पैसे आणि रविवार, दोन्ही तिथे घाला.

आता सगळीकडे हे एकसारखं चालत नाही हे आधीच सांगते. तुमची वस्ती किती जुनी, लोक मालकीच्या झोपडीत की भाड्याच्या खोलीत, कुठून आलेले, यावर बरंच अवलंबून आहे. जालना-परभणी-बीडकडची मराठी घरं जास्त असली तर भिशी, बचत गट, जयंती मंडळ असं काहीतरी आधीपासून असतं, त्याला धरून चालता येतं. खाणीच्या कामाला आलेली कलबुर्गी-विजापूरकडची कानडी घरं असली तर तुम्हाला त्यांच्यातलीच एखादी बाई लागेल, नाहीतर ऐकणारे मान हलवतील आणि समजलेलं काहीच नसेल. उत्तर प्रदेश-बिहारची एकटी राहणारी पोरं, एका खोलीत सहा-सात, ती पूर्ण वेगळी गोष्ट, ती रात्री आठच्या पुढेच भेटतात. आणि जागा एमआयडीसीची, वनखात्याची की रेल्वेची, हे पण विचारून घ्या, कारण तोडकामाची नोटीस लागलेल्या गल्लीत कोणी बीपीवर बोलायच्या मनःस्थितीत नसतं आणि तिथे तुम्ही ते बोलूही नका.

दवाखान्याचं पण बघून घ्या. कागदावर दिघा नवी मुंबईत असलं तरी मोठं काही झालं की तुमच्या वस्तीतले कितीतरी जण कळव्याच्या हॉस्पिटलला जातात, ते ठाणे महापालिकेचं, आणि काही ऐरोलीला किंवा वाशीला महापालिकेच्या हॉस्पिटलात. कोण कुठे आणि का जातं ते आधी विचारा, आपणच ठरवून एकीकडे पाठवू नका.

तर सुरुवात कशी? पहिले दोन-तीन महिने बीपी मशीन पिशवीतच ठेवा. चाळीस प्रश्नांचा सर्व्हे पण नको, लोकांनी असे फार भरून दिलेत आणि भरून घेणारा पुन्हा दिसलेला नाही. तीनच गोष्टी विचारा, गेल्या दोन महिन्यांत घरात कोण आजारी पडलं, कुठे दाखवलं, किती पैसे गेले आणि ते कुठून आणले. हे घरात शिरून विचारायचं नाही, जिथे बायका आधीच बसतात तिथे बसून विचारायचं. त्यासाठी पाण्याची वेळ माहीत पाहिजे. मी वागळेला असताना एका पाड्यावर दुपारी तीनची मीटिंग ठेवली आणि तीन आठवडे एकही बाई आली नाही, मला वाटलं यांना इंटरेस्ट नाही. पाणी सव्वातीनला यायचं. नंतर मी पाण्याच्या लाइनीतच हंडा धरून उभी राहायला लागले आणि पंधरा दिवसांत मला चाळीसेक घरं माहीत झाली.

एक प्रसंग जरा तपशिलात सांगते, कारण आमच्या कामाची दिशा त्याने ठरली. तुर्भ्याकडच्या एका वस्तीत समाजमंदिराच्या फरशीवर आम्ही बायकांना खडूने आपल्या गल्ल्यांचा नकाशा काढायला सांगितला. आधी लाजल्या, मग एकीने नाला काढला आणि बाकीच्या भांडायलाच लागल्या की अगं नाला इकडून वळतो. पिठाची गिरणी, मेडिकल, रेशन दुकान, देऊळ, दारूचा अड्डा, भिशीवाल्या वहिनीचं घर, सगळं आलं. दवाखाना कोणी काढलाच नाही, मी विचारल्यावर फरशीच्या बाहेर बोट दाखवलं. मग प्रत्येकीला पाच-पाच चिंचोके दिले आणि सांगितलं, जिथे त्रास जास्त तिथे ठेवा. मला वाटलेलं नाल्यावर ठेवतील, डासांसाठी. एक विजापूरकडच्या आजी होत्या, मराठी तोडकंमोडकं, त्या उठल्या आणि पाचही चिंचोके सार्वजनिक शौचालयावर ठेवून बसल्या. मग एकेक करत निम्म्या बायकांचे चिंचोके तिथेच गेले. शौचालयाच्या वाटेवर दिवा नव्हता आणि रात्री तिथे पोरं बसलेली असायची. आजी म्हणाल्या, "सात वाजल्यानंतर पाणी पीत नाही कोणी." मग एक-एक बाई बोलायला लागली, लघवीला जळजळ, पोटात दुखणं, वर्षानुवर्षं, आणि त्यासाठी रात्री उघड्या असणाऱ्या डॉक्टरकडून गोळ्या. तिशीच्या आतल्या मुली दिवसाला जेमतेम तीन-चार ग्लास पाणी पिऊन राहत होत्या.

त्या वस्तीतलं आमचं आरोग्याचं पहिलं काम म्हणजे एक बल्ब. वॉर्ड ऑफिसला अर्ज, दोनदा फेऱ्या, तिसऱ्या वेळी अकरा बायका एकत्र गेल्या, तेव्हा खांबावर दिवा लागला, आणि आतल्या बाजूचा दिवा आणि दरवाज्याच्या कड्या महिला आरोग्य समितीच्या पैशातून बसवल्या. डॉक्टरचा एक पैसा खर्च न होता बायकांचं पाणी पिणं वाढलं. आणि त्यानंतर आम्ही बीपी म्हटलं, टीबी म्हटलं, तरी बायका यायला लागल्या, कारण आधी त्यांनी सांगितलेलं काम झालं होतं. हे क्रमाने असंच व्हावं लागतं असं माझं मत आहे, लोकांचं काम आधी, तुमचं नंतर.

आता ही महिला आरोग्य समिती म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. २०१३ ला राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं, त्याच्या नियमाप्रमाणे साधारण ५०,००० लोकवस्तीला एक नागरी आरोग्य केंद्र, २०० ते ५०० घरांमागे एक आशा ताई आणि ५० ते १०० घरांमागे वस्तीतल्याच बायकांची एक महिला आरोग्य समिती असायला पाहिजे. समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा मोकळा निधी असतो, म्हणजे वस्तीच्या आरोग्यासाठी कशावर खर्चायचा ते समितीने बसून ठरवायचं, खातं अध्यक्षबाई आणि आशा ताई यांच्या सहीवर. रक्कम लहान आहे पण आमचा बल्ब त्यातूनच आला. काही ठिकाणी समिती जोरात चालते, काही ठिकाणी फक्त रजिस्टरवर असते आणि ज्या बाईचं नाव आहे तिलाच माहीत नसतं. तुमच्या भागात काय स्थिती आहे ते आरोग्य केंद्रात जाऊन शांतपणे विचारा, जाब विचारायला आलोय असा सूर नको. समिती झोपलेली असेल तर तिलाच उठवा, शेजारी तुमची वेगळी कमिटी काढू नका.

आणि आशा ताईला सगळ्यात आधी भेटा. कृपा करून. मी कितीतरी चांगल्या ग्रुपची कामं इथेच फसलेली बघितलीत. टी-शर्ट घालून पंचवीस जण वस्तीत येतात, आणि जी बाई उन्हातान्हात रोज गरोदर बायका, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, सर्व्हे आणि मोबाइलमधल्या एंट्र्या करते तिला कोणी विचारतही नाही. तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो, कायम नोकरीचा पगार नाही. तिला विचारा, ताई तुमचं कुठलं काम अडतं. बहुतेक ती सांगेल, सोबत जायला वेळ मिळत नाही. ते काम तुम्ही घ्या.

आता तुमच्या ३१ जणांकडे येऊ. आधी एक गोष्ट, हे ३१ बीपीचे पेशंट आहेत असं अजून धरू नका. शिबिरात माणूस डोंगर चढून-उतरून आलेला असतो, लाइनीत भांडलेला असतो, ताईने नुकतीच मिश्री लावलेली असते, मापणारा बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर सारलेली, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. असं दोन वेगवेगळ्या दिवशी केल्यावर पण १४० च्या वर किंवा खालचा आकडा ९० च्या वर येत असेल तर दवाखान्यात न्यायचं, पुढचं डॉक्टर ठरवतील. मात्र १८०/११० च्या पुढे आकडा आला तर पुढच्या आठवड्याची वाट नाही बघायची, त्याच दिवशी डॉक्टर, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूला ताकद जाणं यातलं काही असेल तर सरळ १०८. आमच्या अनुभवात नीट मोजलं की शिबिरातली बरीच नावं यादीतून गळतात, आणि जी उरतात त्यांच्यामागे मन लावून लागता येतं.

उरलेल्यांसाठी एक वही करा. ॲप नको, निदान पहिलं वर्ष तरी. आमच्या वहीत पाच रकाने आहेत. नाव. खूण, कारण घरनंबरने कोणी सापडत नाही, म्हणून "पिंपळाच्या मागे निळा पत्रा", "गिरणीच्या वर, जिना बाहेरून". तिसरा, घरी भेटायची वेळ. चौथा, शेवटचं बीपी. आणि पाचवा, सगळ्यात महत्त्वाचा, गोळ्या संपायची तारीख. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल पण ही तारीख लिहा. आमच्याकडची एक ताई, सातवी शिकलेली, दर सोमवारी वही उघडते आणि ज्यांची तारीख त्या आठवड्यात आहे त्यांच्या दारावर जाऊन फक्त विचारते, "उद्या मी चाललेय दवाखान्यात, येता का?" चार-पाच जणी मिळून गेल्या की लाइनीत आळीपाळीने उभं राहता येतं, सगळ्यांचा खाडा होत नाही. ज्याला येणंच शक्य नाही त्याच्या गोळ्या घरच्यांकडे देता येतील का, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं, काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी नाही.

या वहीत वर्षात एक मोठं भगदाड पडतं, ते म्हणजे मे महिना. लग्नं, यात्रा, शेतीची कामं, अर्धी वस्ती गावाला जाते आणि गोळ्या इथेच सुटतात, मग जूनमध्ये माणूस परत येतो तो बीपी वाढवून. एप्रिलमध्येच प्रत्येकाला विचारा, गावाला कधी चाललात, आणि डॉक्टरांना विनंती करून जास्तीचे दिवस भरून घ्या. टीबीच्या पेशंटची तर गावच्या सरकारी दवाखान्यात बदली करून घेता येते, निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबीच्या ऑनलाइन नोंदणीत, त्याची नोंद असते त्यावरून, फक्त जायच्या आधी सांगायला पाहिजे.

टीबीवर थांबूनच बोलते, कारण तुमच्या शिबिरात तो दिसला नाही तरी वस्तीत तो नक्की आहे. दहा बाय दहाची खोली, खिडकी नाही, वर पत्रा, आत सहा माणसं, अशा घरात खोकला एकट्याचा राहत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काही दिसलं की बेडका तपासायला न्यायचं, तपासणी आणि औषधं सरकारीत फुकट आहेत, साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पोषणासाठी सरकार महिन्याला पैसे देतं, २०१८ ला ५०० रुपयांपासून सुरू झालं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झालेत, खात्यात जमा होतात. आता इथेच गाडी अडते, खातं बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही, नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. तुमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्या पोरांनी महिन्यातून एक रविवार फक्त हे बँक-आधारचं काम करून दिलंत ना, तर ते शिबिरापेक्षा दहापट उपयोगाचं होईल. मी मनापासून सांगतेय.

पण टीबीत आमच्या हातून एक चूक झालीय ती सांगायलाच पाहिजे. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या एका नव्या कार्यकर्तीने नळावर, चांगल्या मनानेच, एका बाईला हाक मारून विचारलं, "नवऱ्याच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत ना?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. खोलीमालकाने आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितली, मुलीला शेजारच्या घरात खेळायला बंदी झाली. ते कुटुंब कुठे गेलं ते आम्हाला पुढचे दोन महिने सापडलं नाही, आणि त्या नवऱ्याच्या तेवढे दिवस गोळ्या सुटल्या. शेवटी तो बरा झाला, पण वेळ आणि त्रास दुप्पट. तेव्हापासून नियम एकच, आजाराचं नाव घराबाहेर काढायचं नाही, वही पिशवीत, पिशवी खांद्यावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा रिपोर्ट नाही, फोटो तर अजिबात नाही. तुम्ही शिबिराचे फोटो टाकलेत त्यात दोन बायका बीपी मोजताना ओळखू येतात, ते प्लीज काढा.

आणि टीबीच्या माणसाला समजवायला डॉक्टरपेक्षा बरा झालेला पेशंट जास्त उपयोगी पडतो. आमच्याकडे एक लोडर आहे, एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, गोणी उचलतो, त्याने स्वतः दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडलेल्या आणि परत आजारी पडलेला. तो नव्या पेशंटच्या घरी रात्री नऊला जातो, दार लावून बसतो, आणि पहिलं वाक्य हेच बोलतो, "लघवी लालसर-केशरी होईल, घाबरायचं नाही, माझी पण झालेली." कितीतरी माणसं याच एका कारणाने पहिल्या आठवड्यात घाबरून गोळी सोडतात. मग सांगतो की घरातल्या लहान पोरांना तपासायला घेऊन जा, आणि हे पण सांगतो की औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत आजार पसरायचा धोका खूप कमी होतो, कप-बशी वेगळी करायची गरज नाही. त्याने सांगितलेलं पटतं.

मनाच्या दुखण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण ते तुमच्याकडे येणारच. ते त्या नावाने येत नाही. बाई म्हणते डोकं दुखतं, धडधडतं, झोप लागत नाही, अंगात जीव नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मागे नवऱ्याची दारू असते, मायक्रो फायनान्सचा हप्ता असतो, कधी मार असतो. अशा वेळी सल्ला नको, आधी ऐका, आणि ती बोलतेय तेवढ्यात मोबाइल बघू नका. आम्ही भिशीच्या दिवशी पैसे उचलून झाल्यावर अर्धा तास नुसत्या बसतो, चहा होतो, ज्याला बोलायचं तो बोलतो, त्याला आम्ही काही नाव पण दिलेलं नाही. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पहिला फोन शेजारी बसून लावून द्या. मारहाण असेल तर १८१ किंवा ११२, आणि तुम्ही मध्यस्थी करायला त्या घरात जाऊ नका, तुम्ही गेल्यावर राग तिच्यावरच निघतो. आणि कोणी जीव द्यायची भाषा केली तर तिला त्या रात्री एकटं सोडायचं नाही, सकाळी सोबत घेऊन दवाखाना, बाकी सगळं नंतर.

दवाखाना काढू का, याचं उत्तर नाही. ६०,००० मध्ये तो चार महिने चालेल, आणि बंद पडल्यावर लोक पुढच्या कोणावर विश्वास ठेवणार नाहीत. औषधं पण वाटू नका, बीपीच्या गोळ्या महिनाभर देऊन थांबवणं हे न देण्यापेक्षा फार बरं असतं असं नाही, शिवाय डॉक्टरशिवाय गोळी देणं चूकच. शिबिर घ्यायला माझी ना नाही, पण ज्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांची सोबत ठरलेली असेल त्या दिवशी घ्या.

पैसे मी असे लावले असते. वस्तीतल्या दोन बायकांना महिना १,५०० प्रत्येकी, आठवड्याचे चार तास, म्हणजे वर्षाचे ३६,०००. दंडाला लावायची चांगली दोन बीपी मशीन, अंदाजे ४,०००. रिक्षासाठी महिना ८०० असा डबा, ज्यातून म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला नेता येईल, ते झाले ९,६००. राहिलेले दहा हजार आणि वर थोडे, ते अडीअडचणीला. यावर ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणेल की बायकांना पैसे कशाला, सेवा म्हणून करू दे. तुम्ही पगारी सुट्टीच्या दिवशी सेवा करता, तिचे चार तास म्हणजे एका घरचं काम सुटणं आहे. तिला मानधन द्या आणि महिन्याचा हिशोब समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, आमच्याकडे तो हिशोब बायका बोट ठेवून वाचतात.

मोठ्या आजाराचं दोन ओळीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलात होतात, तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, आधी त्याला गाठायचं. आणि धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार यांच्या झेरॉक्स प्रत्येक घरात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत करून ठेवायला लावा. रात्री दोनला कागद शोधत बसलेली घरं मी फार बघितलीत.

तुम्ही नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या आरोग्याच्या कामाचं उदाहरण दिलंत. बरोबर आहे, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० ला तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, कित्येक तर निरक्षर, बायकांना आरोग्याचं शिकवलं. आम्ही पण तिथूनच धडा घेतलाय. पण शहरात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक तर बाई दिवसभर घरात नसते, आणि दुसरं, भाडेकरू अकरा महिन्यांत बदलतात, त्यामुळे एकाच बाईवर सगळं ठेवू नका, गल्लीत कायम दोघी तयार ठेवा, एक गेली तर वही दुसरीकडे राहील.

तर आता या रविवारी बॅनर नको, कॅमेरा नको, दोघं-तिघंच जा. जे चार जण दवाखान्यात जाऊन आले त्यांना आधी भेटा, ते कसे गेले, कोणाबरोबर गेले, सुट्टी कशी काढली हे विचारा, उरलेल्यांना नेण्याची वाट त्या चौघांना माहीत आहे. येताना आशा ताईला कधी वेळ असतो ते विचारून या. आणि त्या गल्लीत पाणी किती वाजता येतं ते मला इथे लिहा, मग बायकांबरोबरची पहिली बैठक कधी ठेवायची ते आपण बोलू.